सात वर्षांपुढची रेघ

जुलै लागला की आमच्या सिंदेवाहीच्या घरात दोन गोष्टी सुरू होत. एक रोवणी, म्हणजे भाताची लावणी, ती सगळ्या गावाची. दुसरी फ्रान्समधली सायकलची शर्यत, ती फक्त आमच्या घराची. तीन आठवडे ती माणसं डोंगर चढत-उतरत देशभर फिरतात, आणि साधारण त्याच दिवसांत आमच्याकडे बायांच्या रांगा चिखलात वाकून, एकेक पाऊल मागे सरकत, बांध्या हिरव्या करत जातात. एक पुढे पळणाऱ्यांची शर्यत, एक मागे सरकणाऱ्यांची, असं बाबा म्हणायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. काहीही कशालाही जुळवून दाखवायची त्यांना खोडच होती.

यंदा रोवणी माझ्या अंगावर आली. एरवी माझा धाकटा भाऊ मनोज घुग्घुसहून सुटी टाकून येतो आणि करवून घेतो. तो तिकडे कोळशाचा ट्रक चालवतो. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते. शेतात माझा उपयोग डबा नेऊन देण्याइतकाच. पण मनोज यंदा चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे. डाव्या जबड्यात गाठ आहे. ऑपरेशनचा दिवस ठरला होता आणि इकडे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, पिवळे पडायला लागले होते, दोन्ही गोष्टी थांबण्यासारख्या नव्हत्या. मी निघाले तेव्हा तो खाटेवर बसून होता. दातांच्या फटीतून बोलला, कारण तोंड आता तेवढंच उघडतं.

"ताई, रोवणा आटोपून लवकर ये. आपरेशनच्या आधी मले बाबाच्या त्या सायकलवाल्याची गोष्ट सांगजो. कॅन्सर होऊन बी सात खेपा जिंकला ना तो?"

मी नुसतं "येतो बाबू" म्हटलं आणि बसस्टँडवर आले.  कारण तो माणूस आता जिंकलेला नाही, हे मनोजला माहीत नाही. मला माहीत आहे.

बांधीत बाया उतरल्या त्या पहिल्याच सकाळी सुमनबाईने, आमच्याकडे वर्षानुवर्षं रोवणीला येणाऱ्या बाईने, कमरेवर चिखलाचा हात ठेवून मला विचारलं, "खर्रा आणला का वं बाई?"

मी म्हटलं, "सुमनबाई, मनोजले काय झालं तुमाले माहीत हाये ना?"

"माहीत हाये वं माय. लय वाईट झालं." तिचे डोळे खरंच भरून आले. मग तिने चिखलाच्या मनगटाने नाक पुसलं आणि म्हणाली, "पण खर्र्याबिगर हात नाई चालत. त्या पलीकडच्या बांधीवाल्यानं डबा भरून आणला हाये."

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटघोट घोटला की खर्रा होतो. आमच्याकडे पाहुण्याला पाणी मागाहून मिळतं, खर्रा आधी. लग्न जुळवताना खर्रा, भांडण मिटवताना खर्रा, मयतीहून आल्यावर खर्रा. रोवणीच्या बाईला मजुरीबरोबर तो द्यावाच लागतो, नाहीतर ती दुसऱ्याच्या बांधीत उतरते, आणि तिचं चुकतं असंही म्हणवत नाही. दिवसभर पाण्यात वाकायचं म्हणजे काय ते मी काठावर उभं राहूनच पाहिलं आहे. मी पानठेल्यावर गेले. माझ्यासमोर त्या माणसाने खर्रा घोटला, त्या चुन्याचा वास नाकात गेला, आणि ज्या गोष्टीने माझा बाप नेला आणि आता भावाच्या जबड्यात हात घातला आहे ती मी स्वतः पदराखाली झाकून, पावसापासून जपून शेतात आणली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आमच्या जिल्ह्यात लागू होत नाही.

बांधावर छत्री धरून उभी होते खरी, पण डोक्यात एकच चाललं होतं. मनोजला काय सांगू?

बाबांना ती शर्यत केबलवर सापडली. क्रिकेट शोधताना चॅनेल चुकलं आणि पडद्यावर सूर्यफुलांच्या शेतामधून सायकली जाताना दिसल्या. बाबा स्वतः रोज सायकलवर शाळेच्या गावाला जायचे, मधला नाला पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन ओलांडायचे. त्या क्षणापासून ते त्या माणसांचे जातभाई झाले. संध्याकाळी आई भाकरी थापायला बसली की तिकडे दुपार कलून शर्यत रंगात आलेली असायची. बाबा खुर्ची ओढून बसत. इंग्रजी बोलणारे दोन समालोचक मधल्या कंटाळवाण्या वेळात जुना इतिहास सांगत. बाबा निम्मा ऐकत आणि निम्मा स्वतः घडवत.

त्यात लोडशेडिंग. महाराष्ट्राला पुरेल एवढी वीज आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात तयार होते, आणि अंधारही आमच्याच वाट्याला. ऐन चढणीवर पडदा काळा व्हायचा. बाहेर बेडकांचा गलका, आत चुलीचा उजेड, आणि त्या उजेडात बाबा सुरू व्हायचे. ही शर्यत कशी एका वर्तमानपत्राने खप वाढवायला काढली. त्या पेपरचा कागद पिवळा, म्हणून आघाडीवरच्या गड्याला पिवळी जर्सी. दुसऱ्याच वर्षी काही जण चक्क आगगाडीत बसून पुढे गेले म्हणे, मग जिंकलेल्यांची नावं खोडून पाचव्या नंबरच्या पोराला विजेता केलं.

"आगगाडीत सायकल घेऊन बसला का त्यो?" आई विचारायची.

"टिकीट काढलं का नाई ते विचार," बाबा म्हणायचे.

आईला जिंकणाऱ्यांचं काही नव्हतं. सगळ्यात शेवटी जो असतो त्याला तिथे लाल कंदील म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. एकदा बाबांनी हे सांगितलं आणि तेव्हापासून आई रोज भाकरी वाढताना विचारायची, "कंदील पोचला का घरी?" पोचला म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

बाबांची आवडती गोष्ट मात्र चिमट्याची. फार जुन्या काळी एक गडी आघाडीच्या लोकांत होता. डोंगर उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा, चाक धरून ठेवणारा, तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो पायी गावात उतरला, लोहाराच्या भट्टीवर गेला. नियम असा, की दुरुस्ती स्वतः करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. त्याने स्वतः लोखंड तापवलं, स्वतः ठोकलं. पण दोन हातांनी ठोकायचं की भाता मारायचा? भाता दुसऱ्या कोणी मारला. तेवढ्यासाठी त्याला दंड केला.

"अवं माय वं," आई म्हणायची, "नुसता भाता तं मारला! तेवढ्यानं काय झालं?"

"नियम म्हंजे नियम," बाबा म्हणायचे.

बाबा तसेच होते. बोर्डाच्या परीक्षेत त्यांनी सख्ख्या भाच्याचा पेपर हातातून काढून घेतला होता. आत्याने पुढे किती वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. तो भाता मारून घेतलेला गडी पुढे पिवळी जर्सी घालणारा जगातला पहिला माणूस ठरला, आणि तरी शर्यत कधीच जिंकला नाही, हे सांगताना बाबांचा आवाज खाली यायचा. हुंदका म्हणण्याइतका नाही, पण आम्हाला कळायचं.

आणि मग तो आला. अमेरिकेचा. कॅन्सर झालेला, फुफ्फुसात गेलेला, मेंदूत गेलेला, डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते असा. तो माणूस बरा झाला, परत सायकलवर बसला आणि शर्यत जिंकला. मग पुढच्या वर्षी पुन्हा. मग पुन्हा. तोपर्यंत कोणी जिंकली नव्हती इतक्या वेळा. विक्रम, विक्रम, असं ते समालोचक ओरडायचे आणि बाबा मांडीवर थाप मारायचे. तेव्हा बाबांना काही झालेलं नव्हतं. नुसती एक दाढ दुखायची.

दाढ दुखते म्हणून ते त्याच गालात खर्रा धरायचे. चुन्या-तंबाखूने तिथलं सगळं बधिर होतं, ठणका थांबतो. आमच्याकडे सगळेच असं करतात, औषध म्हणूनच करतात. पुढे तिखट सोसेना. मग तोंडात दोन बोटं जाईनात. शाळेत पोरांना बाराखडी मोठ्याने म्हणून दाखवणारा माणूस हळूहळू ओठांतल्या ओठांत बोलायला लागला, आणि तरी घरात कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी बॅटरी लावून पाहिलं आणि मग आईला बाहेर बसायला सांगितलं.

ज्या जुलैबद्दल मी हे सगळं लिहिते आहे तो त्यानंतरचा. बाबांचा शेवटचा.

जबड्याचं हाड काढलं होतं, रेडिएशनचा शेक देऊन झाला होता, आणि कॅन्सर पुन्हा उगवला होता. नाकात नळी. बाबांची खाट टीव्हीसमोर आणली होती. दारातून बांधीतल्या बायांचं बोलणं ऐकू यायचं, रोवणीच्या ओल्या चिखलाचा वास यायचा, आणि त्यात बाबांच्या पट्टीचा वास. ते काय बोलतात ते फक्त आम्हा तिघांना कळायचं. पहिल्याच संध्याकाळी ते मनोजला जवळ बोलावून म्हणाले, "त्याचं तं मेंदूपर्यंत गेलं होतं. माहं जबड्यातच हाये." आणि आपणच मान हलवली, वर्गात एखाद्याचं गणित बरोबर आल्यावर हलवायचे तशी. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं होतं. मी तेव्हा चांगली मोठी होते, डी.एड. करत होते. तरी मला ते गणित पटलं.

लोक भेटायला यायचे. "जयभीम गुरुजी" म्हणून टेकायचे आणि टेकल्या टेकल्या हात सवयीने खिशात जायचा. शेजारचे दादाजी तर बाबांचे बालमित्र. ते आले, बसले, ऑपरेशनचं विचारलं, आणि विचारता विचारता पन्नी काढून खर्रा घोटायला लागले. घोटून झाल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्या माणसापुढे आधी हात केला. बाबांच्या पुढे.  दादाजींना आपण काय केलं ते दिसलं पण हात मागे घेता येईना. बाबांनी त्यांच्या तळहातावरची एक चिमूट उचलली, नाकाशी नेली, खूप वेळ वास घेतला आणि परत त्यांच्या हातावर ठेवली. "खा," असं खुणेने म्हणाले. दादाजी ओसरीत जाऊन पोरासारखे रडले. रडता रडता त्यांनी तो खाल्ला.

एका संध्याकाळी तो अमेरिकेचा गडी चढणीवर असताना वीज गेली. अंधार झाला आणि घरात कोणी बोलेना. आजवर अशा अंधारात बाबा बोलायचे. आता त्यांच्या घशातून नुसता घरघर आवाज. मला ते सहन होईना, मी उठून बाहेर जाणार तेवढ्यात मनोज बोलायला लागला.

"आता आला पाहा वळणावर. मागं तिघं हायेत. एक दमला. दमला, बसला खाली. आता दोघंच. आपला गडी मागं पाहून राह्यला... हसून राह्यला... अन् निंगाला! निंगाला बाबा, निंगाला!"

त्याला इंग्रजी येत नव्हतं, सायकलीतलंही फारसं कळत नव्हतं. सगळं मनाचं. पण बाबांचा अर्धा चेहरा हसत होता, चुलीच्या उजेडात मला दिसलं. आईने त्यांच्या ओठावरची लाळ पुसली. त्यानंतर वीज गेली की मनोज सुरू व्हायचा, आणि त्याच्या अंधारात तो गडी रोज जिंकायचा.

शेवटच्या रविवारी वीज गेली नाही. तो माणूस सातव्यांदा जिंकला, पिवळ्या जर्सीत उभा राहिला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्या हातांत मांस उरलं नव्हतं, त्यामुळे आवाज कोरडा आला. मग मनोजचा हात धरून म्हणाले, "पाह्यलं? होते माणूस बरा." पोळ्याच्या आधी बाबा गेले.

मनोजने नंतर कधी ती शर्यत पाहिली नाही. मी मात्र दर जुलैत बघत राहिले, आधी टीव्हीवर, मग फोनवर. काही वर्षांनी, असंच एका जुलैत, बाबा गेले त्या वर्षीचा शेवटचा टप्पा आठवेना म्हणून मी जुन्या विजेत्यांची यादी काढली. नावामागून नाव वर सरकत होतं. मग अचानक सात वर्षांपुढे नाव नाही. नुसती रेघ.

बातम्या मी उडत उडत ऐकल्या होत्या. त्याने औषधं घेतली, स्वतःचंच रक्त काढून ठेवून पुन्हा चढवलं, शेवटी स्वतः कबूलही केलं. पण ऐकणं वेगळं आणि ती रेघ बघणं वेगळं. त्या यादीत आणखीही कोऱ्या जागा आहेत, महायुद्धांच्या वर्षांच्या. त्या वर्षांत शर्यतच झाली नाही. या सात वर्षांत शर्यत झाली, माणसं चढली, पडली, रक्तबंबाळ झाली, सिंदेवाहीत एका मरणाऱ्या माणसाने टाळ्या वाजवल्या, आणि जिंकलं कोणीच नाही. दुसऱ्या नंबरवाल्यालाही वर घेतलं नाही, कारण त्या काळात स्वच्छ कोण हेच सांगता येईना.

मी फोन उपडा ठेवला आणि मला राग आला. त्या माणसाचा आला, यादी करणाऱ्यांचा आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही आला. भाच्याचा पेपर ओढून घेणारा माझा बाप असता तर त्याने स्वतः लाल पेनने ते नाव सातही ठिकाणी खोडलं असतं, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडला असता. त्याच्यापुरतं बरं झालं, त्याला कळलं नाही. मनोजने अंधारात जिंकून दिलेल्या शर्यती आणि त्या गड्याने उजेडात जिंकलेल्या शर्यती, दोन्हींची किंमत आता सारखीच आहे. त्यातल्या त्यात मनोजच्या बऱ्या. मी हे मनोजला कधी बोलले नाही. तो खर्रा सोडत नव्हता यावरून आमची भांडणं होत, त्यात आणखी हे कुठे काढायचं? रात्रपाळीला ट्रकवर डोळा लागू नये म्हणून खातो, असं तो म्हणायचा. मग एक दिवस म्हणाला, दाढ दुखते.

रोवणी आटोपली. सुमनबाईने शेवटची पेंडी रोवून हात धुतले आणि म्हणाली, "मनोजभाऊले सांगजो, धान चांगलं होते यंदा." मी बसने चंद्रपूरला परतले. नखांत चिखल तसाच होता.

मनोज जागाच होता. मी त्याला आधी रोवणीचं सांगितलं, मग फोनवर शर्यत लावून त्याच्या उशाशी धरली. थोडा वेळ दोघांनी पाहिली. मी आपली चिमट्याची गोष्ट काढली, आईच्या कंदिलाची काढली. तो ऐकत होता, मग मान हलवली.

"हा नाई. आपला गडी सांग."

बसमध्ये सगळा वेळ मी ठरवत आले होते की खोटं सांगायचं. सात वेळा जिंकला, म्हणायचं. एवढं खोटं बोलायला काय लागतं? पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही.

"मनोज, त्याचं नाव काढून टाकलं रे. औषधं घेऊन चढत होता. सातही वर्षं."

 फोनमधला तो समालोचक उगाच ओरडत होता, मी आवाज बंद केला.

"बाबाले माहीत होतं?"

"नाई. बाबा गेल्यावर बाहेर आलं सगळं."

"बरं झालं," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "बरं झालं." थोड्या वेळाने माझ्याकडे वळला. "अन् कॅन्सर? तो बी खोटाच का?"

"नाई रे. कॅन्सर खरा होता."

"मेंदूत गेलता ते?"

"ते बी खरं."

"अन् वाचला?"

"वाचला."

"आज हाये तो?"

"हाये."

मला वाटलं, एवढं त्याला पुरेल. मलाही तेवढ्यात धीर आला होता, की नाव खोडलं तरी माणूस वाचला हे काही कोणी खोडू शकत नाही. मी त्याचा हात धरला. तो छताकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

"मंग आपला बाबाच काऊन नाई वाचला, ताई? बाबा तं खरा माणूस होता."

मी वर्गात रोज पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देते. इथे मी रडले, लपवलंही नाही. तो माझा हात दाबत राहिला.

सकाळी त्याला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसून आहे, समोर पाऊस पडतो आहे, शेजारच्या पेशंटचा भाऊ पन्नीवर खर्रा घोटतो आहे. घोटून झाल्यावर त्याने रीतीप्रमाणे आधी माझ्यापुढे हात केला. मी नको म्हटलं. मनोज अजून आत आहे.